प्रवासाचे प्रश्न : मॉलमध्ये वाट सापडत नाही, तेव्हा

या वेळच्या बहुतेक पत्रांचा रोख दुबई मॉलकडे आहे. शाळांना सुट्टी लागली की महाराष्ट्रातून दुबईला जाणाऱ्यांची रीघ लागते आणि बुर्ज खलिफा बघायची तर याच मॉलमधून जावे लागते. म्हणून आधी दुबई, शेवटी थोडे सिंगापूर.

प्रश्न : आई-वडील, आम्ही दोघे आणि दोन मुले असे सहाजण दुबईला जात आहोत. दुबई मॉलमध्ये माणूस हमखास हरवतो असे जाऊन आलेले सांगतात. आधीपासून नकाशा पाठ करून ठेवावा का? (नाशिक)

पाठ करायला जाऊ नका. नोव्हेंबर 2008 मध्ये सुरू झालेल्या या मॉलमध्ये 1,200 हून अधिक दुकाने आहेत आणि ती बदलत असतात. पाठ करायची ती मजल्यांची नावे आणि तीन-चार मोठ्या खुणा. एवढे डोक्यात असले की दिवस निभतो.

मजले खालून वर असे : एलजी, म्हणजे लोअर ग्राउंड, मग जी, म्हणजे ग्राउंड, मग 1, मग 2. गोंधळ इथूनच सुरू होतो. एलजी म्हणजे अंधारे तळघर असे समजून लोक तो मजला सोडून देतात. प्रत्यक्षात तो इतर मजल्यांसारखाच झगमगीत आहे. दुसरे असे की ‘दुसऱ्या मजल्यावर भेटू’ म्हणणारा माणूस मनात मजले मोजत असतो. एलजीपासून मोजले तर दुसरा मजला जी होतो आणि पाटीवरचा 2 चौथा लागतो. म्हणून घरच्यांशी बोलताना ‘वरचा’, ‘खालचा’, ‘दुसरा’ हे शब्द टाळा आणि पाटीवर जे अक्षर किंवा आकडा आहे तोच उच्चारा. आजी-आजोबांनाही सकाळीच सांगून ठेवा : लिफ्टमध्ये ‘जी’चे बटण म्हणजे आपला तळमजला.

आता खुणा. पहिली, ॲक्वेरियमची काचेसारखी दिसणारी भिंत. ती ॲक्रिलिकची आहे. रुंदी 32 मीटरहून जास्त, उंची 8 मीटरहून जास्त, जाडी 75 सेंटिमीटर आणि मागे सुमारे 1 कोटी लिटर पाणी. बाहेरच्या मार्गिकेतून बघायला पैसे पडत नाहीत. आतल्या बोगद्याचे तिकीट वेगळे. दुसरी खूण म्हणजे धबधबा. 24 मीटर उंचीवरून पडणाऱ्या पाण्यात सूर मारणाऱ्या माणसांचे पुतळे लावले आहेत, एकदा बघितला की विसरत नाही. तिसरी, बर्फावर स्केटिंग करायचे रिंक. चौथी, फॅशन ॲव्हेन्यू. महागड्या ब्रँडचा हा भाग रुंद आणि तुलनेने शांत आहे. एकाएकी गर्दी ओसरली, दुकानांच्या दारात गणवेशातले लोक दिसू लागले की तुम्ही तिथे पोहोचलात असे समजा.

दुकान शोधताना जागोजागी उभ्या असलेल्या टचस्क्रीनवर त्याचे नाव टाका. वाट दिसली की लगेच तिचा फोटो काढा, कारण शंभर पावलांवर ती कोणालाच आठवत नाही. फोटोत दुकानाचा क्रमांक आणि मजला दोन्ही आले पाहिजेत. मोठ्या ब्रँडची एकाच मॉलमध्ये दोन-दोन दुकाने असतात. नुसत्या नावावर गेलात तर चुकीच्या दारात उभे राहाल.

नकाशा वाचतानाची एक चूक फार जण करतात. स्क्रीनवर ‘तुम्ही इथे आहात’ हा ठिपका सापडतो आणि माणूस लगेच चालू लागतो. तुमचे तोंड कोणत्या बाजूला आहे हे त्या ठिपक्यातून कळत नाही. आधी मान वळवून डाव्या हाताचे आणि उजव्या हाताचे दुकान बघा. ती दोन्ही नावे नकाशावर शोधा. ती उलट्या बाजूंना दिसली तर स्वतः अर्धे वळून उभे राहा आणि मग निघा. या अर्ध्या मिनिटात पुढची वीस मिनिटे वाचतात.

प्रश्न : फोनवर नकाशा असताना एवढी यातायात कशासाठी? (पुणे)

कारण छताखाली निळा ठिपका थापा मारतो. जीपीएसचे संदेश उपग्रहाकडून येतात आणि ते आधीच फार क्षीण असतात. काँक्रीट आणि पोलादाच्या दोन-तीन छतांतून ते नीट पोहोचत नाहीत. पोहोचले तर भिंतींवर आपटून, उशिरा पोहोचतात. मग फोन आसपासच्या वाय-फायवरून अंदाज बांधतो आणि ठिपका या टोकावरून त्या टोकाला उड्या मारतो. होकायंत्राचे तेच. सांगाड्यातले पोलाद आणि सरकत्या जिन्यांच्या मोटारी यांनी सुई भरकटते, म्हणून बाण उलटीकडे दाखवतो. सगळ्यात मोठी अडचण मजल्याची. ठिपका अगदी बरोबर जागी असला तरी तुम्ही एलजीवर आहात की 2 वर, हे बऱ्याचदा कळत नाही. दुकान ‘इथेच’ आहे असे नकाशा सांगतो आणि ते असते तुमच्या डोक्यावर.

गुगल मॅप्समध्ये मोठ्या मॉलचे आतले मजले दिसतात. नकाशा पुरेसा मोठा केला की कडेला मजल्यांच्या आकड्यांची पट्टी येते. ती वापरा, पण दुकान कोणत्या मजल्यावर, कशाच्या शेजारी आहे एवढे बघण्यापुरतीच. पावलागणिक वाट विचारू नका. मॉलचे ॲप घ्यायचे तर हॉटेलवरच्या वाय-फायवर उतरवून घ्या. मॉलचे मोफत वाय-फाय सुरू करताना ओटीपी मागितला गेला आणि तुमच्या भारतीय सिमवर रोमिंग बंद असले, तर तिथे उभे राहून काही करता येत नाही.

प्रश्न : मेट्रोने गेलो तर मॉल स्टेशनला लागूनच आहे ना? वडिलांचे गुडघे दुखतात. (कोल्हापूर)

जोडलेला आहे, लागून मात्र नाही. रेड लाइनवरच्या स्टेशनचे नाव ‘बुर्ज खलिफा/दुबई मॉल’. तिथून मॉलपर्यंत वातानुकूलित पादचारी पूल आहे, ‘मेट्रो लिंक’ म्हणतात तो. लांबी सुमारे 820 मीटर. अधूनमधून सरकते पट्टे आहेत, तरी सलग नाहीत. धडधाकट माणसाला दहा-बारा मिनिटे लागतात. गुडघे दुखणाऱ्याला, लहान मुलांबरोबर, वीस धरा. आणि हे सगळे मॉलच्या आत पाऊल टाकण्याआधीचे झाले. वडिलांना नेताना टॅक्सी करा, येताना तर नक्कीच. रात्री मॉलबाहेरच्या तळ्यातले फाउंटन बघून सुटलेली सगळी गर्दी त्याच पुलावरून स्टेशनकडे निघते आणि तेव्हा बसायलाही जागा मिळत नाही.

पूल उंचावरून येतो. त्यामुळे आत शिरल्यावर आपण तळमजल्यावर आहोत असे धरून चालू नका. दारापाशी मजल्याची पाटी बघा आणि तिचा फोटो काढून ठेवा. परतताना ‘मेट्रो’ लिहिलेल्या पाट्या धरून याच मजल्यावर यायचे आहे.

मेट्रोसाठी नोल कार्ड लागते. रुपेरी कार्ड 25 दिरहमला मिळते, त्यात 19 दिरहम प्रवासाला वापरता येतात. एका झोनमध्ये 3 दिरहम, शेजारच्या दोन झोनमध्ये 5 आणि त्यापुढे साडेसात. एक-दोनदाच जायचे असेल तर लाल कागदी तिकीट घेता येते. त्यावर प्रत्येक फेरीला 1 दिरहम जास्त पडतो. गाडीत आणि स्टेशनात खाणे-पिणे चालत नाही. पर्समधला चिवडा पर्समध्येच राहू द्या, दंड 100 दिरहम आहे. महिला-मुलांच्या डब्यात पुरुष चढला तरी तेवढाच दंड. घाईत डबा चुकतो, म्हणून फलाटावर उभे राहतानाच समोरची पाटी वाचा.

31 डिसेंबरला मेट्रोच्या भरवशावर राहू नका. आतषबाजीच्या गर्दीमुळे हे स्टेशन त्या दिवशी संध्याकाळी लवकर बंद करतात.

प्रश्न : मुलगी 14 वर्षांची, मुलगा 8 वर्षांचा. चुकामूक झाली तर काय करायचे? फोन करून ‘कुठे आहेस’ विचारता येईल, असे मुलगी म्हणते. (ठाणे)

मुलीचा भरवसा व्हॉट्सॲप कॉलवर असेल तर तिला आधीच सांगा : संयुक्त अरब अमिरातीत स्थानिक सिमवर किंवा तिथल्या वाय-फायवर व्हॉट्सॲपचे कॉल साधारणपणे लागत नाहीत. मेसेज जातात, फोटो जातात, बोललेला निरोप रेकॉर्ड करून पाठवता येतो. म्हणजे ‘कॉल लागत नाही’ म्हणून घाबरायचे नाही, टाइप करायचे. कुटुंबातल्या किमान दोघांच्या फोनवर स्थानिक सिम किंवा रोमिंग हवे. आणि भारतीय क्रमांक एकमेकांच्या फोनमध्ये अधिक 91 लावून साठवलेले हवेत.

आता निरोपात काय लिहायचे. ‘मी धबधब्यापाशी आहे’ हा निरोप निरुपयोगी आहे. धबधबा सगळ्या मजल्यांवरून दिसतो. आई एलजीवर त्याच्या पायथ्याशी उभी, मुलगी 2 वर त्याच्या माथ्याशी, दोघींना पाणी दिसते आहे आणि दोघी एकमेकींवर चिडताहेत, असे होते. ॲक्वेरियमचेही तसेच, भिंत एका मजल्यापेक्षा उंच आहे. जी वस्तू सगळीकडून दिसते ती दिशा कळायला उत्तम, भेटायला वाईट. भेटायला जागा अशी निवडा की जिथे एकाच मजल्यावर उभे राहता येते : एखादे इन्फर्मेशन डेस्क, किंवा रिंकच्या काठाला लागून असलेले एखादे कॉफीचे दुकान. निरोप असा : मजला, दुकानाचे नाव, आणि दुकानाच्या पाटीचा फोटो. फोटोत शेजारच्या दुकानाची पाटीही आली तर शोधणारा चुकत नाही.

आठ वर्षांच्या मुलासाठी नियम दोनच ठेवा, जास्त असले की त्याला आठवत नाहीत. आई-बाबा दिसेनासे झाले की जिना किंवा लिफ्ट चढायची-उतरायची नाही. आणि जवळच्या दुकानात जाऊन काउंटरमागच्या माणसाला सांगायचे. पहिला नियम महत्त्वाचा आहे, कारण मूल मजला सोडून गेले की शोधायची जागा चौपट होते. त्याच्या मनगटाला कागदी पट्टी बांधा, त्यावर तिथे चालणारा फोन क्रमांक देशाच्या कोडसकट लिहा. हॉटेलातून निघताना दारात त्याचा पूर्ण उंचीचा एक फोटो काढा. सुरक्षारक्षक पहिला प्रश्न कपड्यांचा विचारतो आणि नेमका तेव्हा शर्टाचा रंग आठवत नाही.

मूल सापडेना तर दोघांनी दोन दिशांना पळू नका. एकाने शेवटचे दिसले त्या जागी उभे राहायचे, दुसऱ्याने जवळचा सुरक्षारक्षक गाठायचा. भाषेची धास्ती नको. मॉलमध्ये काम करणाऱ्यांत भारत, पाकिस्तान, नेपाळचे लोक भरपूर आहेत, हिंदीत काम होते. पोलिसांचा तातडीचा क्रमांक 999, बाकी कामांसाठी 901.

प्रश्न : बुर्ज खलिफाचे संध्याकाळी साडेपाचचे तिकीट काढले आहे. मॉलमध्ये किती वाजता पोहोचावे? (नागपूर)

मॉलच्या दारात साडेचारला. मेट्रोने येणार असाल तर स्टेशनवर चारला.

124-125 व्या मजल्यावर जाण्याची रांग मॉलच्या आतूनच, एलजी मजल्यावरून लागते. बरेच जण टॅक्सीवाल्याला ‘बुर्ज खलिफा’ सांगतात आणि टॅक्सी टॉवरच्या निवासी किंवा हॉटेलच्या बाजूला उभी राहते. समोर इमारत, पण आत जायला वाट नाही. टॅक्सीवाल्याला ‘दुबई मॉल, ॲट द टॉप’ असे सांगा; ‘ॲट द टॉप’ हे बुर्ज खलिफाच्या वरून बघायच्या मजल्यांचे नाव. आत शिरल्यावर ‘ॲट द टॉप’ लिहिलेल्या पाट्या धरा. तुमच्या तिकिटावर मजला किंवा दार वेगळे छापले असेल तर तिकिटाचे ऐका. वर जाण्याआधी सामानाची तपासणी असते आणि सूर्यास्ताच्या वेळेला रांग सर्वांत लांब असते. त्याच वेळेचे तिकीट सर्वांत महाग, हे तुम्ही काढताना बघितलेच असेल.

उतरल्यावर फाउंटन बघा. संध्याकाळी 6 पासून रात्री 11 पर्यंत दर अर्ध्या तासाने खेळ होतो, काठावर उभे राहून बघायला पैसे नाहीत. मॉलच्या दारापाशी माणसांची भिंत असते. तिच्यातून रेटत पुढे जाण्यापेक्षा तळ्यावरचा छोटा पूल ओलांडून समोरच्या ‘सूक अल बहार’कडे जा; गर्दी विरळ होते आणि बुर्ज खलिफाही फोटोत बसते.

प्रश्न : हे ‘सूक’ प्रकरण काय आहे? आम्हाला सोन्याचा बाजार बघायचा आहे. मॉलमध्येच आहे, असे एकजण म्हणाले. (सांगली)

सूक म्हणजे बाजार, आणि या नावाच्या तीन जागांची सरमिसळ होते. दुबई मॉलच्या आत दागिन्यांच्या दुकानांचा एक विभाग आहे. पूर्वी त्याला गोल्ड सूक म्हणत, आता नुसते ‘द सूक’. मॉलबाहेर, तळ्यापलीकडे, सूक अल बहार : तिथे उपाहारगृहे आणि भेटवस्तू जास्त. आणि फोटोंमध्ये दिसतो तो जुना, लाकडी छपराखालचा सोन्याचा बाजार मॉलपासून बराच दूर, खाडीपलीकडच्या देरा भागात. तिथे जायला मेट्रोची ग्रीन लाइन धरा, स्टेशनचे नाव ‘गोल्ड सूक’. रेड लाइनवरून येताना बुरजुमान किंवा युनियनला गाडी बदलायची.

अशीच गफलत मॉलच्या नावांतही होते. ‘मॉल ऑफ द एमिरेट्स’ हा वेगळा मॉल, 2005 सालचा, बर्फाचा डोंगर असलेले स्की दुबई तिथे आहे. त्याचे मेट्रो स्टेशनही त्याच नावाचे. टॅक्सीत बसून नुसते ‘मोठा मॉल’ म्हटले की ड्रायव्हर त्याला जो मोठा वाटतो तिथे सोडतो.

प्रश्न : भाड्याची गाडी घेऊन जाणार आहोत. पार्किंगमध्ये गाडी सापडत नाही म्हणतात, ते खरे का? (छत्रपती संभाजीनगर)

खरे आहे, आणि कारण साधे आहे : पार्किंग एक नाही. ग्रँड, सिनेमा, फॅशन, झबील अशी वेगवेगळी पार्किंगची ठिकाणे आहेत, प्रत्येकाला अनेक मजले, आणि ती मॉलच्या वेगवेगळ्या बाजूंना उघडतात. ‘पी3, निळा खांब’ एवढे लक्षात ठेवून माणूस बाहेर पडतो आणि पी3 दुसऱ्या पार्किंगमध्येही असते. म्हणून गाडी लावल्यावर तीन फोटो : पार्किंगच्या नावाची पाटी, मजला आणि खांबावरचा क्रमांक, आणि ज्या दारातून मॉलमध्ये शिरलात ते दार आतल्या बाजूने. तिसरा फोटो सगळे विसरतात. परतताना तुम्ही दार आतूनच बघणार असता, आणि सगळी दारे बाहेरून सारखीच दिसतात.

पार्किंगच्या लिफ्ट मॉलच्या सगळ्या मजल्यांवर जातीलच असे नाही. जिथून आलात त्याच लिफ्टने परत जा.

ग्रँड, सिनेमा आणि फॅशन पार्किंगला जुलै 2024 पासून शुल्क आहे. सोमवार ते शुक्रवार पहिले 4 तास, शनिवार-रविवार पहिले 6 तास मोफत; त्यानंतर पैसे लागतात आणि आकडा झपाट्याने वाढतो. दारावर फाटक नाही, कॅमेरा गाडीचा क्रमांक टिपतो आणि सालिक या टोल खात्यातून पैसे कापले जातात. गाडी भाड्याची असल्याने ते खाते गाडी देणाऱ्याचे असते. तुमच्याकडून तो नंतर वसूल करतो. आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ लिहून ठेवा, हिशेबाला बरी पडते. दिवसभर थांबायचे असेल तर झबील पार्किंगला लावा.

प्रश्न : सासूबाई नेहमी साडी नेसतात. सरकत्या जिन्याची त्यांना फार भीती वाटते. (सोलापूर)

त्यांची भीती अनाठायी नाही. जिन्याची पायरी आणि कडेचा पत्रा यांच्यात बारीक फट असते. त्या पत्र्यावर बसवलेला काळा ब्रश शोभेचा नाही, कपडा आणि पाय कडेपासून लांब राहावेत म्हणून तो आहे. ब्रशला पाय घासत उभे राहायचे नाही. साडीचा काठ आणि निऱ्या सर्वांत जास्त अडकतात त्या जिना संपतो तिथे, जिथे पायऱ्या दाताळ्यासारख्या पट्टीखाली शिरतात. चढताना पदर खोचून घ्यावा, एका हाताने निऱ्या घोट्यापर्यंत उचलाव्यात, दुसरा हात सरकत्या कठड्यावर, पाय पायरीच्या मधोमध, पिवळ्या रेघेच्या आत. शेवटच्या दोन पायऱ्या आल्या की पाऊल उचलून पुढे टाकावे, घसटत न्यायचे नाही. मऊ रबरी चपला त्या दिवशी नकोतच, त्या फटीत ओढल्या जातात. काही अडकलेच तर जिन्याच्या दोन्ही टोकांना लाल बटण असते. ते कोणीही दाबू शकतो, परवानगी लागत नाही.

याहून सोपे म्हणजे लिफ्ट. ती बहुधा प्रसाधनगृहांच्या गल्लीत, नजरेआड असते. पाटीवर लिफ्टचे चित्र शोधा. लांब चालवत नसेल तर इन्फर्मेशन डेस्कवर व्हीलचेअर मागा, ओळखपत्र दाखवावे लागते. बॅटरीवर चालणारी ‘मॉल टॅक्सी’ही पैसे देऊन मिळते.

प्रश्न : मॉल मुद्दाम असे गोंधळाचे बांधतात का? (मुंबई)

काही अंशी हो. मॉलमध्ये वर जाणारा जिना संपतो तिथेच पुढचा वर जाणारा जिना बहुधा मिळत नाही. दुकानांसमोरून एक वळसा घालावा लागतो. भिंतीवर घड्याळ नाही, खिडक्या नाहीत, मार्गिका सरळ नसून वाकलेल्या. वाकलेल्या वाटेवर पुढचे दुकान दिसत राहते आणि शेवट दिसत नाही, म्हणून पाय थांबत नाहीत. यात एक गंमत आहे. छताखालच्या, वातानुकूलित मॉलचा नमुना घालून दिला तो व्हिएन्नात जन्मलेल्या व्हिक्टर ग्रूएन या वास्तुरचनाकाराने, अमेरिकेत मिनेसोटातल्या साउथडेल सेंटरमध्ये, 1956 साली. त्याला गावातल्या चौकासारखी, लोकांनी बसायची-भेटायची जागा हवी होती. आलेले काम विसरून माणूस भारावल्यासारखा हिंडू लागतो त्या क्षणाला नाव मात्र त्याचेच पडले, ‘ग्रूएन ट्रान्सफर’, आणि उतारवयात त्याने अशा मॉलशी आपला संबंध झटकून टाकला.

दुबई मॉलमध्ये याला आणखी एक कारण जोडले जाते : तो नंतर वाढवत नेला. जोडलेला भाग मूळ भागाच्या रेषेत येत नाही, म्हणून काटकोन धरून चालणारा चुकतो. उपाय एकच, कामाची दुकाने आधी उरका आणि हिंडणे नंतर.

प्रश्न : दुबईत खरेदीवरचा कर परत मिळतो, तो कसा? (रत्नागिरी)

व्हॅट 5 टक्के आहे. योजनेत असलेल्या दुकानात किमान 250 दिरहमची खरेदी हवी आणि बिल करतानाच पासपोर्ट दाखवून ‘टॅक्स फ्री’ मागायचे. घरी जाताना आठवले तर काही होत नाही. विमानतळावर सामान चेक-इन करण्याआधी कर परत देणाऱ्या प्लॅनेट या कंपनीच्या काउंटरवर किंवा यंत्रावर नोंद करा, कारण वस्तू बघायला मागू शकतात. कराचा बहुतेक भाग मिळतो, त्यातून प्रत्येक बिलामागे 4 दिरहम 80 फिल्स वजा. म्हणजे 1,050 दिरहमच्या बिलात कर 50.  हातात त्याहून कमीच येतात. छोटी-छोटी बिले केलीत तर वजावटच जास्त जाते, एकाच दुकानातले एकाच बिलात घ्या. खरेदीपासून 90 दिवसांच्या आत वस्तू देशाबाहेर गेली पाहिजे.

प्रश्न : आम्ही दुबईऐवजी सिंगापूरला जात आहोत. दुकानाचा पत्ता ‘बी2-45’ असा दिला आहे. म्हणजे काय? (पणजी)

आधी मजला, मग दुकान. बी म्हणजे बेसमेंट. बी2 म्हणजे जमिनीखाली दोन मजले, तिथले 45 क्रमांकाचे दुकान. ‘02-113’ म्हणजे दुसऱ्या लेव्हलवर 113 क्रमांक. लक्षात ठेवायचे ते हे की सिंगापुरात जमिनीवरची पातळी म्हणजे लेव्हल 1. आपल्याकडचा तळमजला तिथे 1 आणि आपला पहिला मजला तिथे 2. जपान आणि अमेरिकेतही असेच. बँकॉकला सियाम पॅरागॉन मॉलमध्ये जी आणि 1 यांच्यामध्ये एम नावाचा मजला आहे आणि स्काय ट्रेनच्या सियाम स्टेशनचा पूल नेमका त्या एमवर उघडतो.

सेंटोसा बेटावर जाणार असालच. त्यासाठी एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, हार्बरफ्रंटला उतरा, ‘ई’ अक्षराच्या एक्झिटने व्हिवोसिटी मॉलमध्ये शिरा. बेटावर जाणारी सेंटोसा एक्सप्रेस ही मोनोरेल या मॉलच्या लेव्हल 3 वरून, लॉबी एलमधून सुटते. स्टेशन जमिनीखाली आणि मोनोरेल वर, त्यामुळे लोक लेव्हल 1 वर गाडी शोधत गोल फिरत राहतात. सरळ लिफ्टने 3 गाठा. जाताना माणशी 4 सिंगापूर डॉलर, येताना काही नाही.

प्रश्न : आणि मुस्तफा? (याच वाचकांचा पुढचा प्रश्न)

मुस्तफा सेंटरला मॉलचे नियम लावू नका, ते एकच अवाढव्य दुकान आहे. लिटल इंडियात, सय्यद अल्वी रोडवर. जवळचे एमआरटी स्टेशन फॅरर पार्क. जोडलेल्या इमारती, अरुंद गल्ल्या, छतापर्यंत माल आणि रस्त्यावर उघडणारी अनेक दारे. आत शिरलात ते दार आणि बाहेर पडाल ते दार एक असेल याची खात्री नाही, म्हणून भेटायची जागा दुकानात न ठेवता बाहेरच्या रस्त्यावरच्या एखाद्या उपाहारगृहासमोर ठेवा. हातातल्या पिशव्यांची तोंडे तिथले लोक प्लास्टिकच्या पट्टीने आवळून बंद करतात. पाकीट, पासपोर्ट आणि चष्मा आधी बाहेर काढून ठेवा, नाहीतर पैसे द्यायच्या रांगेत पिशवी कापायला कात्री मागावी लागते.